वाढत्या अंगाचा ब्रश

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची येत नसे. झगा आला तर घोट्यापर्यंत, चप्पल आली तर टाचेमागं दोन बोटं मोकळी, बांगड्या आल्या तर कोपरापर्यंत चढणाऱ्या. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आबा आम्हाला कापडवाल्यापुढं उभं करायचे, खांद्याला झगा लावून बघायचे, आणि तो बरोबर बसतोय असं दिसलं की लगेच बाजूला ठेवायचे. "ह्याच्या वरचा दाव. लेकरू वाढतंय, वस्तू न्हाई वाढत." वडिलांचं हे वाक्य इतकं ठरलेलं होतं की आम्ही लांबून दिसलो तरी कापडवाला आधीच मोठ्या मापाचा गठ्ठा सोडायला घ्यायचा. माय झग्याला आतून दुमड घालून टाके मारायची आणि आम्ही वाढलो की एकेक दुमड उसवायची. उसवलेल्या जागी कापडाचा मूळचा रंग पट्ट्यासारखा उठून दिसायचा. शाळेत पोरी माझ्या झग्यावरचे पट्टे बोटानं दाखवून हसायच्या, पण त्यांच्या अंगावरही तेच पट्टे असायचे, त्यामुळं ते हसणं फार टिकायचं नाही.

पुढं मी जे केलं ते आबांच्या या वाक्याच्या आडोशाला उभी राहून केलं, म्हणून ते आधी सांगितलं. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण सोडून द्यायचं असंच माझ्या मनात होतं. हळदीचं रान लिहून झालं, शाळा लिहून झाली, लग्न झालं, अंगणवाडीची नोकरी झाली. मधली ही जागा मात्र मोकळीच राहिली, आणि दात पडलेल्या जागी जीभ जाते तसं माझं मन तिथंच जात राहिलं. मी मुळात फार बोलणारी बाई नाही. घरात, नात्यात सगळे मला अबोल म्हणतात आणि त्याला माझा चांगुलपणा समजतात. चांगुलपणा तो कधीच नव्हता.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या अंगाला. कालव्याला पाणी सोडायची पाळी असली की दिवसभर त्याचा सळसळ आवाज घरात यायचा आणि पाळी संपली की गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. घरात आबा, माय, काका गेल्यापासून आमच्याकडंच राहणारी काकू, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी धाकटी उषा. उषीच्या आधी मायची दोन लेकरं राहिली नव्हती, त्यामुळं उषी घरात सगळ्यांच्या कडेवर असायची. ती पायानं चालायला उशिरा शिकली ती त्यामुळंच, असं काकू म्हणायची. "जिमिनीला पाय लागू देताय का तिचा? चालंल कशी?"

सकाळ झाली की आमच्या घरात दात घासण्याचे तीन पंथ असायचे. आबा लिंबाची काडी तोंडात धरून गोठ्यात शिरायचे आणि शेण काढून होईपर्यंत ती चावत राहायचे. बैलांचं रवंथ आणि आबांचं काडी चावणं एका लयीत चालायचं. आम्हा पोरींना गोवरीची राख आणि मीठ. आणि माय अन् काकूची मिश्री. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा त्याचा उग्र वास घरभर पसरला की मी तोंडावर पांघरूण ओढून घ्यायचे. भाकरी-कालवणाला लागायच्या आधी माय मिश्रीची डबी घेऊन उंबऱ्यावर बसायची, बोटावर चिमूट घेऊन हिरड्यांवरून सावकाश फिरवायची आणि डोळे अर्धे मिटून समोरच्या बाभळीकडं बघत राहायची. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नसे. आबासुद्धा नाही. दिवसभरात तिच्या एकटीचं असं तेवढंच होतं.

आमच्याकडं ब्रश आणला तो मामानं. मामा हिंगोलीच्या एसटी डेपोत कामाला. त्याचे हात कितीही धुतले तरी नखांत काळं ग्रीस राहायचं. त्या दिवाळीनंतर तो आला आणि भाकरी खाऊन झाल्यावर पिशवीतून त्यानं दोन ब्रश काढले. एक लाल, लांब दांड्याचा, केस ताठ, बैल घासायच्या ब्रशासारखे. दुसरा माझ्या बोटाएवढा, हिरवा. त्याचा दांडा जाडसर, बारक्या मुठीत बसेल असा, टोकाला पोपटाचं तोंड, आणि केस इतके मऊ की गालावरून फिरवले तर मांजरीचं पिल्लू घासून गेल्यासारखं वाटावं.

"ह्यो उषीचा," मामा म्हणाला. "दुकानदार म्हनला, बारक्या लेकराला असाच द्या, हिरड्या कवळ्या असतेत. अन् ह्यो लाल शोभीचा."

पोपट उषीच्या मुठीत गेला. मी लाल ब्रश हातात घेऊन उभी राहिले. माझ्या आयुष्यात तोवर नवी, रंगीत, फक्त शोभेसाठी काहीतरी जोडलेली अशी वस्तू आलीच नव्हती. पोपटाचा दात घासायला काही उपयोग नव्हता. म्हणूनच तो मला हवा होता. हट्ट केला असता तर पाठीत धपाटा बसला असता, हे मला माहीत होतं. मी हट्ट केला नाही. मी शहाण्यासारखी बोलले.

"मामा, पण उषी तर वाढून राहिली की. ह्यो तिला लगेच बारका पडंल. तिला मोठा द्या, लई दिस पुरंल. मी आता वाढून वाढून किती वाढनार?"

अकरा वर्षांची होते मी. सगळे खळखळून हसले. "बघा बया, म्हातारी बोलली!" काकू म्हणाली. आबांनी तर मांडीवर थाप मारली. "बराबर बोलली पोरगी. लेकरू वाढतंय…"

"…वस्तू न्हाई वाढत," काकूनं पुरं केलं.

मामा एकटाच कुरकुरला. "दाजी, दात हायेत ते. चप्पल न्हाई."

"चप्पल पायात असती, ह्यो तोंडात. बाकी फरक काय?"

"आता तुमच्यापुढं काय बोलावं," मामा हसून म्हणाला.

उषीची मूठ मी एकेक बोट सोडवत उघडली. ती रडायला लागली तेव्हा तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, "येडे, तुला मोठ्या मानसाचा भेटला!" तिनं रडं आवरलं, लाल ब्रश दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि अंगणात मिरवायला गेली. माझं तिनं लगेच खरं मानलं. तिचं वयच तसं होतं. आणि आबा रात्री जेवताना पुन्हा म्हणाले, पोरगी शहाणी निघाली. पोपट मिळाल्याचा आनंद जास्त होता की शहाणी म्हणवून घेतल्याचा, ते आज मला सांगता येणार नाही.

मायनं ते काम माझ्याकडंच दिलं. "तूच घासत जा तिचे. तुला समजतं." तेव्हापासून रोज सकाळी मी उषीला न्हाणीच्या दगडावर बसवायचे. त्या ब्रशाचं डोकं तिच्या तोंडात मावायचं नाही. दाढेकडं न्यावं तर गालात अडकायचं, थोडं आत सरकवलं की तिला उबळ यायची, आणि ताठ केस दातांवर कमी, हिरड्यांवर जास्त लागायचे. पहिल्याच आठवड्यात थुंकीत गुलाबी रंग दिसला. मी घाबरले. काकू चुलीकडून बघत होती. "रक्त निघालं म्हंजी घान निघाली. घास अजून." मग मी अजून घासलं. उषीनं माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला, मी तिला चापट मारली, तिनं भोकाड पसरलं. रोज हेच.

काकूला माहीत नव्हतं, मायला माहीत नव्हतं, आबांना तर नव्हतंच. त्यांनी कुणीच ब्रश कधी तोंडात घातला नव्हता. मला माहीत होतं. माझ्या तोंडात रोज सकाळी तो मऊ पोपट फिरायचा, म्हणून तिच्या तोंडात काय फिरतंय हे त्या घरात फक्त मला कळत होतं.

एके दिवशी ती न्हाणीवर आलीच नाही. कडब्याच्या गंजीमागं लपून बसली होती. मी गेले तर तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. "आक्का, नको ना. लई टोचतं." मी तिच्यासमोर बसले. ब्रश बदलायचा, एवढंच करायचं होतं. पण बदलला असता तर काहून बदलला ते सांगावं लागलं असतं, आणि शहाणी पोरगी मग खोटी पडली असती. मी म्हणाले, "मायला सांगशील?" ती म्हणाली, "न्हाई." मी लाल ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, आणि आम्ही दोघी घरात गेलो. मायनं विचारलं, "घासले का?" मी म्हणाले, "व्हय." मायनं ओल्या ब्रशाकडं बघितलं आणि पिठात हात घातला. उषीनं मागून येऊन माझ्या पायाला मिठी मारली. त्या मिठीचं ओझं अजून माझ्या गुडघ्यांवर आहे. तिला वाटत होतं की आक्कानं तिच्यावर उपकार केलेत.

मग तेच सुरू झालं. ब्रश ओला करायचा, झटकायचा, कोनाड्यात ठेवायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत उषी बांधावर रडू नये म्हणून तिच्या हातात गुळाचा खडा दिला जायचा, बाजारातून गोडीशेव यायची तिचा निम्मा पुडा तिचा असायचा, आणि ती गालात शेव धरून झोपी जायची. माझा पोपट झिजला. त्याचे केस फताडे झाले, मग मान मोडली, मग मी तो कालव्यात सोडून दिला. उषीचा लाल ब्रश मात्र नव्यासारखाच राहिला. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कोनाड्यातून काढून दाखवायचे. "बघा, मोठा घेतला म्हणून टिकला. अजून चार वर्सं मरण न्हाई." पाहुणे मान हलवायचे. मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं उठून जायचे.

उषी शाळेत जायला लागली त्या सुमारास तिच्या अगदी मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. मी मायला दाखवला. "दुधाचीच हाय," माय म्हणाली, "पडंल." काकूही तेच म्हणाली. खरं तर सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं जी दाढ येते ती दुधाची नसते. तिच्यासाठी आधी कुठला दात पडत नाही, ती गुपचूप मागून येऊन बसते, म्हणून आयांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. ती जन्माची असते. हे मी अंगणवाडीत किती बायांना सांगितलं असेल! सांगताना दर वेळी माझा आवाज नको तेवढा चढायचा आणि बाया एकमेकींकडं बघायच्या. तेव्हा मात्र मला हे माहीत नव्हतं. एवढं एक मला खरोखर माहीत नव्हतं.

हळद शिजवायचे दिवस होते. रानात चुलवणावर कढई चढलेली, वाफेनं सगळ्यांचे चेहरे पिवळे, कपडे पिवळे, खोकलासुद्धा पिवळा यायचा. घरी यायला कुणालाच सवड नव्हती. उषीचा गाल सुजला. काकूनं लवंग दाबली, मग हळद-चुना लावला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मिश्रीची चिमूट दाढेत भरली. तिसऱ्या दिवशी तिचा डोळा मिटला आणि अंग भट्टीसारखं तापलं. मायनं कढई तशीच सोडली, उषीला खांद्यावर टाकलं आणि हिंगोलीची बस धरली. मला सोबत घेतलं, कारण दातांचं मला कळतं.

डॉक्टर मध्यमवयीन, थकलेले, बाहेर लोकांची रांग. त्यांनी बॅटरी लावून आत बघितलं आणि उषीला विचारलं, "बेटा, दात घासतेस का रोज?"

उषीनं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. दुसरा सुजून बंद होता. तापानं तिचे ओठ फुटले होते. तरी ती म्हणाली, "व्हय. आक्का घासती."

"माझी मोठी घासती," माय म्हणाली. "एक दिस चुकवत न्हाई."

मी भिंतीकडं बघत होते. डॉक्टरांनी दाढ काढली. उषी कशी ओरडली ते मी लिहिणार नाही. नंतर मायला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बाई, ही पक्की दाढ होती. आता तिथं दुसरी येणार नाही." मायनं विचारलं, "रोज घासून बी काहून सडली, साहेब?" डॉक्टर हात धूत होते. घासून सडली म्हटल्यावर ते तरी काय सांगणार? "काही लेकरांचे दात मुळातच कच्चे असतात," ते म्हणाले. "पोटात असतानाच."

बसमध्ये उषी मायच्या मांडीवर झोपली होती. माय खिडकीबाहेर बघत राहिली आणि औंढ्याच्या अलीकडं एकदम म्हणाली, "पोटात असताना म्हंजी?" मी उषीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. घरी गेल्यावर तिनं तेच काकूला विचारलं, आणि काकूनं विचार न करता सांगून टाकलं, "तू मिश्री लावायचीस की तिच्या टायमाला. मी बी म्हनत होते, कमी कर." काकूच्या मनात वाईट नव्हतं. ती स्वतः मिश्री लावतच बोलत होती. पण माय उठली, डबी घेतली, कालव्यापर्यंत चालत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. त्यानंतर तिनं मिश्रीला बोट लावलं नाही. सुरुवातीला डोकं धरायचं म्हणून कपाळाला फडकं बांधून भाकऱ्या थापायची. उंबऱ्यावर बसायची सवय मात्र सुटली नाही. सकाळी ती तशीच बसायची, बोट आपोआप तोंडाकडं जायचं, अर्ध्यात थांबायचं आणि मांडीवर येऊन पडायचं. ते मी रोज बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. रोज वाटायचं, आज बोलू.

काढलेली दाढ उषीनं कापसात गुंडाळून आणली होती. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून पत्र्यावर फेकायचा आणि उंदरानं नवा द्यावा म्हणून हाक घालायची, ही आमच्याकडची रीत. तिचे पुढचे दात आम्ही तसेच फेकले होते आणि ते आलेही होते. गोळी मीच केली, मीच फेकली. पत्र्यावर ती टण्णकन वाजली आणि घरंगळत पन्हाळीत अडकली. दुसऱ्या दिवशी उषीनं माझ्यापुढं तोंड वासलं. "आक्का, आली का?"

डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं होतं. मी तिच्या तोंडात वाकून बघितलं. लाल, भरत आलेली, रिकामी जागा. "येऊन राहिली," मी म्हणाले.

ती मला हे कितीदा विचारायची! शाळेच्या वाटेवर, विहिरीवर, जेवता जेवता. आणि मी दर वेळी अगदी नीट बघायचे, मान तिरकी करून, उजेडाकडं तोंड वळवून, आणि म्हणायचे, येऊन राहिली, जरा दम धर. पुढं पुढं ती विचारीनाशी झाली. ती कधी थांबली ते माझ्या लक्षातही आलं नाही. मोठी झाली, तसे शेजारचे दात त्या जागेत कलले, ती एका बाजूनं चावायला लागली, दुसऱ्या बाजूच्याही दाढा गेल्या. हसताना ती तोंडावर पदर घेते. लोकांना ती लाजाळू वाटते.

मी नोकरीला लागले तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लेकराला ब्रश द्यायला लागले. बारशाला झबलं, पहिल्या वाढदिवसाला ब्रश. दोन वर्षांच्या पोराला बारक्या डोक्याचा, पाच वर्षांच्याला जरा लांब, पक्के दात आले की पुन्हा वेगळा, पण मऊ, मऊच. केस फाकले की नवा. आणि पोरगं स्वतः बुटाचे बंद बांधायला लागेपर्यंत घासायचं मोठ्यांनी. सगळे मला ब्रशवाली मावशी म्हणून चिडवतात. लग्नात आहेर केला तरी विचारतात, "ह्यात ब्रश तर न्हाई ना?" मीही हसते.

माय जायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आम्ही दोघी बहिणी माहेरी गेलो होतो. उषीची उरलेली एक दाढ ठणकत होती आणि त्या ठणक्यात ती मायवर उखडली. "तुझ्याच मिश्रीनं माझ्या तोंडाचं वाटोळं केलं! पोटात पोर असून बी सुटली न्हाई तुला!" माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर बघितलं नाही. "व्हय बाई," ती म्हणाली. "माझंच पाप हाय ते." मी चुलीपुढं होते. तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली, फुगली, काढली, दुसरी टाकली. उषी त्यानंतर बराच काळ माहेरी आली नाही. माय तिच्या वाटेकडं डोळे लावून बसायची, आणि मी मायची समजूत घालायचे. समजूत घालायला मीच होते.

आता गेल्या महिन्यात उषी माझ्याकडं हिंगोलीला आली, चार दिवस राहायला, लेकीचं लेकरू घेऊन. विहान त्याचं नाव. अडीच वर्षांचा, घरभर भांडी वाजवत फिरणारा. "आक्का, ह्याला ब्रश आन," ती म्हणाली. "बोटानं घासून राहिले आमी अजून." मी दुकानात गेले. पाकिटांवर आता वय छापलेलं असतं, तरी माझा विश्वास नसतो. मी एकेका ब्रशाचे केस अंगठ्याच्या मऊ भागावर दाबून बघत होते, डोकं करंगळीच्या नखाशी लावून बघत होते. दुकानातला पोरगा कंटाळला. "मावशी, ब्रश बघून राहिल्या का जावई?"

घरी येऊन पाकीट उषीला दिलं. ती सोप्यात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं ब्रश काढून केसांवर बोट फिरवलं. "बया, एवढा मऊ! ह्यानं काय निघंल?"

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. पोपटापासून सगळं. शब्द इतके सोपे निघाले की मलाच लाज वाटली. इतकी वर्षं कशासाठी धरून बसले होते! उषी शेंगा सोलता सोलता ऐकत होती. आणि मग चक्क हसली, पदर न घेता.

"पोपट होता व्हय त्याच्यावर? मला तर आठवत बी न्हाई. मला एवढंच आठवतं की तू मला वाचवायचीस. लई माया होती माझी तुझ्यावर." तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "आगं, अकरा वर्साची पोर तू. तुला काय कळत होतं? अन् ते आता काहून उकरून राहिलीस? दातं गेली ती गेली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसत होते, आणि मोकळं मोकळं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तिचे हात थांबले.

"थांब," ती म्हणाली. "म्हंजी मायच्या मिश्रीनं…?"

"दाढ घासली न्हाई म्हणून गेली, उषे. मी न्हाई घासली. मायला ठाऊकच न्हवतं."

शेंग तिच्या हातात अर्धी सोललेली होती. आत विहान डब्यावर पळी आपटत होता.

"मी मायला तसं बोलले, तवा तू चुलीपुढंच होतीस."

"व्हय."

"भाकरी करून राहिली होतीस."

"व्हय."

"तवा तू अकरा वर्साची न्हवतीस, आक्का."

तिनं उरलेल्या शेंगा सोलल्या, फोलपटं गोळा केली, आत गेली. त्या दिवशी तिनं माझ्याशी सगळं नेहमीसारखं केलं. वाढलं, विचारलं, विहानच्या खोड्या सांगितल्या. फक्त नजर माझ्या खांद्यापर्यंत यायची आणि तिथून माघारी जायची.

सकाळी मी लवकर उठले. नव्या ब्रशावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, तांब्या भरून घेतला आणि विहानला हाक मारली. तो धावत आला आणि माझ्यापुढं येऊन तोंड वासून उभा राहिला. मी त्याची हनुवटी धरली. तेवढ्यात उषी मागून आली. तिनं माझ्या हातातून ब्रश घेतला, हिसकावला नाही, अगदी सावकाश घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी घासते ह्याचे."

तिनं त्याला मांडीवर आडवा घेतला, डोकं आपल्या कुशीत टेकवलं, ओठ बोटानं बाजूला करून आधी पुढचे, मग बाजूचे, मग अगदी मागचे दात घासायला लागली. तो हसत होता, त्याला गुदगुल्या होत होत्या. मी तांब्या धरून उभी होते. खळखळून टाकायची वेळ आली तेव्हा तिनं माझ्याकडं न बघता पाण्यासाठी हात पुढं केला.